मौखिक स्वच्छतेला पैकीच्या पैकी

१३ मार्च
व्यवस्थापक, वृद्ध शुश्रूषा केंद्र, यांस

महोदय,

मंगळवार, १२ मार्च. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. तुमच्या जेवणघरात, खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर, तुमच्या एका मदतनीस बाईने माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडात दोन बोटं घालून तिची कवळी ओढून काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. चाळीस माणसांसमोर. कवळी काढल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे तुम्हाला अजून वयाने शिकवलेलं नाही. शिकवेल.

माझी बहीण खोली क्रमांक बारामध्ये राहते. दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघात झाला. डावी बाजू गेली आणि शब्द गेले. तीस वर्षं न्यायालयात दुभाष्याचं काम केलेल्या या बाईकडे आता 'हो', 'नको' आणि माझं घरातलं नाव एवढेच शब्द उरलेत. म्हणजे ती तक्रार करू शकत नाही, हे तुमच्या लोकांना पक्कं माहीत आहे.

सदर मदतनीस बाईला सगळे 'भोंगा' म्हणतात असं शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी सांगितलं. ऐकल्यावर पटलं. "आजी, आ करा, आ" हे तिचं बोलणं बाहेरच्या फाटकापर्यंत जात असावं. मी विचारलं, "हे काय चाललंय?" त्यावर मला उत्तर मिळालं, "बाई, जरा सरका, जेवण गार होतंय."

दुसऱ्याचे दात खिशात घालणं याला मी चोरी म्हणते. ज्या पद्धतीने हात लावला त्याला मारहाण म्हणते. मी एकतीस वर्षं परीक्षा मंडळात उत्तरपत्रिकांची फेरतपासणी केली आहे. डोळ्यांसमोरचं नीट बघायची मला सवय आहे.

आमच्या शाळेत नन्स शिकवायच्या की तक्रार करायची तर उभं राहून, पूर्ण वाक्यात करावी आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नये. मी अजून बसलेली नाही. तुम्ही काय कारवाई केलीत, हे मला शुक्रवार, १५ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं.

खोली बाराची धाकटी बहीण


१५ मार्च

आदरणीय मॅडम,

आपले पत्र मिळाले. आपल्या भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो. रहिवाशांचा सन्मान हा आमच्या सेवेचा पाया आहे.

आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन सदर मदतनीस महिलेस आज सकाळपासून कामावरून कमी करण्यात आले आहे. तिच्या सेवा दाखल्यावर 'रहिवाशाशी गैरवर्तन' असा शेरा नोंदवला आहे. तिच्याकडे आपल्या भगिनींची कवळी आढळली नाही. ती भगिनींच्या तोंडातच व्यवस्थित बसवलेली होती.

आपल्या माहितीसाठी, २० फेब्रुवारी रोजी झालेल्या दर्जा मूल्यमापनात आमच्या केंद्रास पाचपैकी पाच तारे मिळाले आहेत. मौखिक स्वच्छता या सदरात आम्हाला दहापैकी दहा गुण आहेत.

सोबत नातेवाईक समाधान प्रश्नावली जोडली आहे. एक ते पाच यांपैकी योग्य आकड्याभोवती गोल करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक


१६ मार्च

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद,

पन्नाशी आली तरी तू माझ्यासाठी छोट्याच आहेस, आणि अक्कल त्याच मापाची आहे असं मला गेले काही महिने वाटतंय.

तू परदेशातून बटणं दाबून आईची 'उत्तम सोय' केलीस ना, त्या उत्तम सोयीत काय चालतं ते मी मंगळवारी डोळ्यांनी पाहिलं. पत्राची प्रत सोबत आहे, वाच. तीन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या दिवशी ती बाई बाहेर. याला म्हणतात लक्ष ठेवणं. तुझ्या त्या ताऱ्यांवर मी चहाचा कप ठेवते.

ताई बारीक झाली आहे. मला बघून तिने माझं नाव घेतलं आणि मग कितीतरी वेळ नुसती तोंडाकडे बोट दाखवत राहिली. त्या बाईची तक्रार करत असणार. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, आता मी आले आहे.

उत्तर पाठव. फोन करू नकोस. फोनवर तुझं अर्धं लक्ष दुसरीकडे असतं.

मावशी


२१ मार्च

प्रिय मावशी,

अर्धं लक्ष नाही म्हणतेस, तर आता पूर्ण लक्ष देऊन लिहितो. तूही तसंच वाच.

आई शनिवारपासून जेवत नाही. चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटते, मान फिरवते, परवा वाटी उडवली. फक्त पाणी आणि थोडं दूध जातं. आठवड्यात अडीच किलो वजन उतरलं. केंद्राचे डॉक्टर म्हणतात, आजार पुढच्या टप्प्यात गेला, अशा रुग्णांची खायची इच्छाच जाते. पोटातून नळी घालावी लागेल. शुक्रवार, २९ मार्च, सकाळी. मी संमतीच्या कागदावर सही केली आहे.

एकदा नळी बसली की ती पुन्हा तोंडाने जेवेल याची शक्यता फार कमी, हे मला सांगितलंय. तरी केली सही. उपाशी मरू देऊ का तिला?

आणि 'आता मी आले आहे' हे तू लिहितेस? आठ महिने कुठे होतीस? तिला तुझ्या घरी न ठेवता केंद्रात ठेवलं म्हणून तू म्हणालीस, त्या दारात पाय ठेवणार नाही. ठेवला नाहीस. राग माझ्यावर आणि शिक्षा तिला. आठ महिन्यांनी एक दिवस गेलीस, वीस मिनिटं बसलीस आणि एका बाईची नोकरी घालवून आलीस. मॅनेजर म्हणाला ती बाई वाईट होती. असेल. पण ती होती तोवर आई जेवत होती. एवढं मला इतक्या लांबून कळतं.

छोट्या


२३ मार्च
व्यवस्थापक यांस

महोदय,

तुमची प्रश्नावली भरली आहे. 'जेवण रुचकर असते का?' या प्रश्नाला एक ते पाच यांत उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या बहिणीच्या बाबतीत ते तोंडापर्यंत पोचत नाही. आकड्याबाहेर गोल केला आहे.

गुरुवार, शुक्रवार आणि आज, असे तीन दिवस मी दुपारी बारा ते दोन तुमच्या जेवणघरात बसले. बसायला कोणी सांगितलं नाही, उठायलाही कोणी सांगितलं नाही. तुमच्याकडे माणसं इतकी कमी आहेत की मला हाकलायला कोणी मोकळं नव्हतं.

भिंतीवर लावलेला जेवणाचा तक्ता मी वाचला. तिसऱ्या टेबलावरच्या अकराही जणांसमोर १६ ते २१ मार्च रोज 'पाऊण ताट' असं लिहिलंय. एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात. त्या अकरांत माझी बहीण आहे, जिने त्या सहा दिवसांत घास घेतला नाही. आणि खोली नऊचे आजोबा आहेत, जे ते सहाही दिवस इस्पितळात होते. तिथून येऊन पाऊण ताट जेवून परत गेले असतील तर त्यांचा सत्कार करा. परीक्षा मंडळात आम्ही याला सामूहिक कॉपी म्हणायचो आणि अख्खं केंद्र रद्द करायचो.

आता मुख्य मुद्दा. आज दुपारी तुमच्या नव्या मुलीने ताईच्या तोंडाला चमचा लावला. ताईने मान फिरवली. मुलीने पुढच्या माणसाकडे ट्रॉली नेली. चाळीस सेकंद. मी ताईजवळ बसले आणि ती पुन्हा तोंडाकडे बोट दाखवायला लागली. मागच्या वेळी मला वाटलं ती कोणाबद्दल तरी सांगते आहे. या वेळी मी तिच्या बोटाने जिथे सांगितलं तिथे पाहिलं. कवळी काढली. खालच्या हिरड्यांवर दोन जखमा आहेत, एक शेंगदाण्याएवढी.

कवळी नळाखाली धुतली. उजवीकडे एका दाताएवढी फट आहे आणि फटीशी तारेचा आकडा आहे. आकडा खऱ्या दाताला अडकवायला असतो. माझ्या बहिणीच्या तोंडात खरा दात एकही नाही, गेली बारा वर्षं. ही कवळी तिची नाही.

ती कोणाची आहे, तिची कुठे आहे, आणि ही अदलाबदल कधी झाली, याचं लेखी उत्तर सोमवारी, २५ मार्चला सकाळी अकराच्या आत मिळावं. २९ तारखेची नळी तोवर थांबवावी.

खोली बाराची बहीण


२५ मार्च, सकाळी १०.५५

मॅडम,

प्रत्येक रहिवाशाची कवळी नाव लिहिलेल्या स्वतंत्र डब्यात ठेवली जाते. अदलाबदल संभवत नाही. वयपरत्वे हिरड्यांचा आकार बदलतो, हे आपल्यासारख्या सुविद्य व्यक्तीस ठाऊक असेलच.

जेवणाचे तक्ते ही केंद्राची अंतर्गत बाब आहे. आपण जेवणघरात तीन दिवस केलेल्या निरीक्षणामुळे कर्मचाऱ्यांवर मानसिक ताण आला आहे. यापुढे आपण आठवड्यातून एकदा, पूर्वसूचना देऊन यावे.

२९ मार्चच्या प्रक्रियेस रुग्णाच्या मुलाची संमती आहे. आपण रुग्णाच्या अधिकृत प्रतिनिधी नाही. मागील तक्रारीवर आम्ही दोन दिवसांत कारवाई केली होती, हे आपण विसरू नये.

व्यवस्थापक


२५ मार्च

मदतनीस बाईंना,

तुमचा पत्ता धोबीखान्यातल्या मावशींकडून मिळाला. त्याच हे पत्र पोचवतील. तुम्हाला माझं अक्षर बघून राग येईल, येऊ दे. माझाही तुमच्यावरचा गेलेला नाही, कारण तुम्ही त्या दिवशी मला एक वाक्य नीट सांगितलं असतंत तर आज ही वेळ आली नसती.

माझ्या बहिणीच्या तोंडात दुसऱ्याची कवळी आहे. तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत होतं तर तुम्ही ती काढून खिशात का ठेवलीत? आणि तिला जेवायला कसं घालत होतात? शुक्रवारी सकाळी तिच्या पोटात नळी घालणार आहेत. उत्तर उद्यापर्यंत हवं.

खोली बाराची बहीण


२६ मार्च

मॅडम,

आधी तक्रार केली, आता हुकूम. मी तुमच्या नोकरीत नाही आणि केंद्राच्या तर तुम्हीच ठेवली नाही. आजींसाठी लिहिते.

तुम्ही मला भोंगा लिहिलं. चालेल. तिथे निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेल्यांना ऐकायचं नसतं, हळू बोलून करू काय.

१९ फेब्रुवारीला वरून निरोप आला, उद्या तपासणीला येणार, सगळ्यांचे दात पांढरे दिसले पाहिजेत. डबे एकेक धुवायला वेळ कुठे. सगळ्यांच्या कवळ्या एका टबात घातल्या, पावडर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी टबात तेवीस कवळ्या आणि नाव एकीवर पण नाही. मग कोणाला कुठली बसते ते बघत बसवल्या, चपला शोधतात तशा. ज्यांना बोलता येतं त्यांनी आरडाओरडा करून आपली मिळवली. आजींना बोलता येत नाही. शेवटी उरली ती त्यांना. तपासणीच्या बाई आल्या, सगळ्यांना हसा म्हणाल्या, दहापैकी दहा देऊन गेल्या.

मी सुपरवायझरला सांगितलं, आजींना लागतंय. ती म्हणाली, तक्त्यावर 'कवळी बसवली' या रकान्यात हो पाहिजे, भेटायला लोक येतात, बोळकं दिसता कामा नये. म्हणून मी जेवणापुरती काढायची, खिशात ठेवायची, जेवण झालं की परत बसवायची. खिशात अशासाठी की टेबलावर दिसली तर मला बोलणी. तुम्ही आलात तेव्हा मी ती काढत होते. सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाही, दरडावलं. आणि सूप गार होत होतं.

बटाटा काट्याने ठेचायचा, पाव सुपात भिजवून. चमचा उजवीकडून द्यायचा, डावीकडे त्यांना काही कळत नाही, घास तिथेच राहतो आणि ठसका लागतो. आधी रिकामा चमचा ओठाला लावायचा, मग भरलेला. एका जेवणाला पंचेचाळीस मिनिटं लागतात. नव्या मुलीला आठ जण भरवायचे असतात, तिचा दोष नाही.

आजींची खरी कवळी खोली चारच्या बाईंकडे बघा. त्यांना आता घातलेली सैल होते.

दाखल्यावर 'गैरवर्तन' आहे. दोन ठिकाणी गेले, दाखला वाचला, परत दिला. मी मारलं नाही, मी चोरलं नाही. बाकी तुम्ही शिकलेल्या आहात.


२६ मार्च, दुपारी

छोट्या,

त्या मदतनीस बाईच्या पत्राचा फोटो सोबत पाठवला आहे. आधी तो वाच, मग हे.

तुझ्या आईची खायची इच्छा गेलेली नाही. गेले पाच आठवडे तिला दुसऱ्याच्या दातांनी चावायला लावतायत. ती बाई ते दात काढून तिला भरवत होती, आणि मी तिला चोर ठरवलं. तू जे लिहिलंस, ते बरोबर होतं. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

आज त्यांनी मला दारातून परत पाठवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, पोलिसांना बोलवा, मी इथे बाकावर बसते. आत सोडलं. ताईची कवळी काढली, पत्रात लिहिलंय तसा बटाटा ठेचला, तसाच चमचा धरला. सात चमचे गेले. आठव्याला तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ओठ मिटले. दोनदा दाराकडे पाहिलं. कोणाची वाट बघते ते मला कळलं.

सही मागे घे. आजच.

मावशी


२७ मार्च

मावशी,

सही मागे घेतली. मॅनेजर आणि डॉक्टर, दोघांना ईमेल केला आहे. सोबत पत्र जोडलंय, आजपासून आईच्या वतीने सगळे निर्णय तुझे. आता ते तुला दारात अडवू शकत नाहीत.

पण डॉक्टरांचंही ऐक. ते म्हणतात, वजन आणखी दोन किलो उतरलं तर नळीला पर्याय नाही, मग दात कोणाचे का असेनात. त्यांनी नऊ दिवस दिलेत. शुक्रवार, ५ एप्रिल. सात चमच्यांवर माणूस जगत नाही, मावशी. त्या बाईला आण.

मी रागात लिहिलं त्याबद्दल माफी मागणार होतो. पण सगळं खरंच होतं, त्यामुळे राहू दे.

छोट्या


२८ मार्च
व्यवस्थापक, वृद्ध शुश्रूषा केंद्र, यांस
(प्रत: दर्जा मूल्यमापन कार्यालय, खोली चार, सहा, सात, नऊ, अकरा आणि पंधरा यांचे नातेवाईक)

महोदय,

सोमवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळी सहाच्या सुमारास तुमच्या केंद्रात तेवीस माणसांचे दात एका टबात ओतले गेले. वेळ मला धोबीखान्यातून कळली. टब त्यांचाच होता. तुम्ही २५ तारखेला मला लिहिलंत की अदलाबदल संभवत नाही. काल दुपारी खोली चारच्या बाईंची मुलगी आणि मी, दोघींनी तुमच्या सुपरवायझरसमोर दोन्ही कवळ्या काढून बदलून पाहिल्या. दोन्ही बसल्या. त्या बाईंना एक खरा दात आहे, आकडा त्यावर बसला. त्या माझ्या बहिणीचे दात घालून पाच आठवडे हसत होत्या, आणि दर वेळी हसताना हाताने धरत होत्या. हे तुमच्या एकाही माणसाला दिसलं नाही. एकीला दिसलं होतं, तिला तुम्ही काढलंत.

तिला काढायला लावलं मी. त्याबद्दल आता लिहिते, आणि हा भाग तुम्ही फाइलला वरच लावावा.

१३ मार्चच्या पत्रात मी त्या मदतनीस बाईंवर चोरीचा आणि मारहाणीचा आरोप केला. दोन्ही आरोप खोटे आहेत. त्यांनी कवळी काढली, रुमालात ठेवली, खिशात घातली, हे मी पाहिलं तेवढं खरं. बाकीचं मी माझ्या मनाने भरलं. न वाचलेल्या उत्तरपत्रिकेला गुण द्यावेत तसं ते होतं, आणि त्यासाठी मी स्वतः दोन परीक्षकांना घरी बसवलं आहे. माझी तक्रार मी पूर्णपणे मागे घेत आहे आणि त्या बाईंची माफी मागत आहे. वेगळी लेखी माफी त्यांना आज सकाळी पोचली.

तुम्ही मात्र माझ्या तक्रारीने खूश झालात. दोन दिवसांत कारवाई. इतकी घाई तुम्ही जखमेच्या बाबतीत केली नाहीत. एक प्रश्न त्या बाईंना विचारला असतात तर टबाची गोष्ट बाहेर आली असती, आणि दहापैकी दहा गेले असते. मी शिव्या दिल्या आणि तुमचं काम सोपं केलं. याचा मला जो राग येतो त्यातला अर्धाच तुमच्या वाट्याचा आहे, पण तो अर्धाही तुम्हाला पुरेल.

माझ्या बहिणीच्या हिरड्या भरायला दोन आठवडे लागतील. तोवर कवळी तोंडात घालायची नाही. भेटायला कोणीही आलं तरी नाही. बोळकं दिसेल. दिसू दे, ते तिचं आहे. डॉक्टरांनी ५ एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. मी रोज तिन्ही जेवणांना येते. काल दिवसभरात एकोणीस चमचे गेले, आज दुपारपर्यंत अकरा. मला जमतंय, पण पुरेसं जमत नाही. तिला त्या बाईंच्या हातचं जेवण हवं आहे आणि ती ते स्पष्ट सांगते. फक्त तुम्हालाच ते ऐकायचं नाही.

त्या बाई आज सकाळी मला त्यांच्या घराच्या दारात भेटल्या. आत घेतलं नाही, पाणी विचारलं नाही, मी तेही पात्रतेनुसार धरलं. म्हणाल्या, "मी येईन. पण मागच्या दाराने येणार नाही. कागद पाहिजे." त्यांना हवा असलेला कागद असा:

सेवा दाखल्यावरचा 'गैरवर्तन' हा शेरा रद्द करून नवा दाखला द्यावा. त्यांना १ एप्रिलपासून, मधल्या सगळ्या दिवसांच्या पगारासह, कामावर घ्यावं. आणि खोली बाराला भरवायला त्यांना एका जेवणाला पंचेचाळीस मिनिटं मिळतील, हे तुमच्या सहीने लिहून द्यावं. शेवटची अट त्यांनी घातली. पहिल्या दोन मी घातल्या, कारण त्या स्वतःसाठी मागायला तयार नव्हत्या.

उरलेल्या एकवीस कवळ्यांची तपासणी दंतवैद्याकडून, नातेवाईकांसमोर व्हावी. मूल्यमापन कार्यालयाला मी तुमच्या गुणांची फेरतपासणी करायला सांगितलं आहे, आणि पुढच्या वेळी तपासणीच्या बाईंनी लोकांना हसायला न सांगता एक पावाचा तुकडा चावायला सांगावा असंही सुचवलं आहे.

वरील सगळ्या गोष्टी मान्य असल्याचं लेखी उत्तर, तुमच्या सहीनिशी, शनिवार, ३० मार्च, सकाळी अकराच्या आत माझ्या हातात द्यावं. मी जेवणघरात असेन. फोन करू नका. फोनवर तुम्ही फार गोड बोलता.

खोली बाराची अधिकृत प्रतिनिधी